अज्ञात म्हणजे माझी आत्ती

सरकारनं पोस्टर चिकटवलं, तेही माझ्याच झेरॉक्सच्या दुकानावर.

राजारामपुरीत कॉलेजच्या मागच्या गल्लीत माझं दुकान. समोर पोरं रांगेत उभी असायची, प्रत्येकाच्या हातात लायब्ररीतनं आणलेलं जाडजूड पुस्तक, आणि मी ते काचेवर पालथं घालून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काढून द्यायचो. नवं पुस्तक घ्यायची ऐपत असती तर ती पोरं माझ्या दारात आली नसती. दोन हजार आठ साल होतं. दोन माणसं खळीची बादली घेऊन आली आणि न विचारता भिंत पुसायला लागली.

"काय हाय पावणं?"

"पोस्टर हाय. वरनं आदेश हाय."

"कशाचं?"

"कॉपीराइटचं. पुस्तकं झेरॉक्स करू नयेत म्हणून."

"मग हितं कशाला लावताय?"

"हितंच गर्दी हाय की."

पोस्टर लावून झालं. त्यातल्या एकानं पिशवीतनं स्पर्धा परीक्षेचं गाईड काढलं आणि म्हणाला, तेवढं काढून ठेवा, संध्याकाळी नेतो.

पोस्टरवर एक हसरं कुटुंब होतं. आपल्याकडं कुणी तसं हसत नाही. खाली लिहिलेलं, ‘सर्जनहक्क जनजागृती कक्ष. आपले हक्क जाणा. आमच्या संकेतस्थळावरची प्रश्नमंजूषा सोडवा आणि प्रमाणपत्र मिळवा.’ कॉलेजनं त्या प्रमाणपत्राला पाच मार्क ठेवले. मग काय, दुसऱ्या दिवसापासून तीच पोरं माझ्याकडं प्रमाणपत्र काढायला. माझ्याकडं टायपिंगसाठी कॉम्प्युटर होता, नेट होतं. पोरं म्हणायची, काका, तुम्हीच सोडवा ओ, आम्हाला नुसतं प्रमाणपत्र द्या, आमचं प्रॅक्टिकल हाय.

कॉपीराइटची सरकारी परीक्षा झेरॉक्सवाल्यानं द्यायची, आणि शिकला कोण तर कॉलेजचा पोरगा. सरकारच्या आकड्यात तो जागृत झाला.

पहिल्यांदा साइट उघडली तर सगळे चौकोनच चौकोन. फॉन्ट डाउनलोड करून घेतला, मग मराठी दिसायला लागलं. दहा प्रश्न होते. मी सातवी शिकलेला माणूस, पण प्रश्न बाळबोध होते. सिनेमाची सीडी कॉपी करणे योग्य की अयोग्य, असले. सहा प्रश्न सटासट झाले. सातव्याला माझा हात थांबला.

‘खालीलपैकी काय कुणालाही परवानगीशिवाय वापरता येते?’ अ, चित्रपटातील गाणे. ब, कथासंग्रह. क, ‘पाटीवर पसरलं अक्षर’ हे पारंपरिक लोकगीत. ड, संगणक प्रणाली.

मी ब दाबलं. लाल फुली आली. ‘चूक. पुन्हा प्रयत्न करा.’ मग क दाबलं. हिरवा चौकोन आला आणि त्यात लिहिलेलं, ‘बरोबर. हे गीत कोल्हापूर भागातील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या गात आल्या आहेत. कवी अज्ञात. ते कुणा एकाचे नाही, म्हणून सर्वांचे आहे.’

खाली गाण्याच्या दोन ओळी होत्या.

पाटीवर पसरलं अक्षर, बाई, उन्हात ठेवलं वाळत
लेक माझी ती निवडती, बाई, खडं बाजूला काढत

पिढ्यान्‌पिढ्या कुठल्या? हे गाणं माझ्या आत्तीचं. माझ्या बापाची थोरली बहीण, सोनूबाई. ती जित्ती आहे, शाहूवाडी तालुक्यात डोंगराच्या कुशीतल्या बौद्धवाड्यात राहते, अजून भाताच्या लावणीला चिखलात उतरते. आई गेल्यावर तिनंच मला सांभाळलं. गाणं रचलं तेव्हा मी शाळेत जायच्या वयाचा होतो.

रांगेतला पोरगा म्हणाला, "काका, अडकलं का नेट?"

मी विचारलं, "दहापैकी नऊ आले तर प्रमाणपत्र मिळतंय का?"

"मिळतंय की."

"मग नऊच घे."

त्या वर्षी माझ्या दुकानातनं निघालेलं एकूण एक प्रमाणपत्र नऊ गुणांचं होतं.

गाणं कसं झालं ते सांगतो. वाड्यातली पहिली पोरगी शाळेत घातली ती चिमणाबाईची. चिमणाबाई म्हणजे आत्तीची जिवाभावाची मैत्रीण, दोघी एकाच बांधावर कामाला. पोरीचं नाव शाळेत घातलं त्या दिवशी दोघी रोप लावत होत्या. गुडघाभर चिखलात वाकून आत्तीनं ओळी जुळवल्या आणि शेजारी चिमणाबाई त्या धरत गेली. संध्याकाळी चिमणाबाईच्या दारात सगळ्या बाया जमल्या आणि गाणं म्हटलं. शेवटच्या कडव्यात आत्तीनं मैत्रिणीचं नाव घातलं, ‘चिमणा म्हणती, आयांनो, लेकीस्नी शाळंत धाडा.’ आणि सगळ्यांसमोर म्हणाली, आजपास्नं ह्ये तुझं गाणं.

तिथनं रीतच पडली. पोरगी शाळेत घातली की तिच्या दारात गाणं, आणि शेवटच्या कडव्यात त्या पोरीच्या आईचं नाव. कधी ‘बया म्हणती’, कधी आणि कुणी म्हणती. ज्या आयांना रेशनकार्डावरसुद्धा कुणी नावानं विचारत नव्हतं, त्यांचं नाव भर वाड्यात गाण्यात यायचं. पोरी लग्न होऊन गेल्या, गाणं घेऊन गेल्या. पन्हाळ्याकडं गेलं, कागलला गेलं, बिद्रीच्या कारखान्यावरच्या खोल्यांत गेलं. प्रत्येक ठिकाणी नाव वेगळं. पुढं सरकारचा कुणी अभ्यासक टेप घेऊन गावोगाव हिंडला असणार. त्याला प्रत्येक गावात वेगळी कवयित्री सापडली. त्यानं बेरीज केली आणि उत्तर काढलं, अज्ञात.

आणि आत्तीचं नाव त्या गाण्यात एकदाही आलं नाही. तिला लेक झाली नाही. लेकरूच झालं नाही. मग तिच्या दारात गाणं कशाला होतंय?

मी ते पान छापून घेतलं आणि रविवारी वाड्यात गेलो. आत्ती उंबऱ्यात बसून तांदूळ पाखडत होती. मी वाचून दाखवलं. आधी ती हसली.

"सरकार गातंय व्हय माझं गाणं? ऱ्हाऊ दे की. ग्वाड लागलं आसंल."

"आत्ती, त्यांनी खाली लिवलंय, कवी अज्ञात."

"म्हंजे रं?"

"म्हंजे कोण रचलं ते म्हाईत न्हाय."

"कुनाला म्हाईत न्हाय?"

"सरकारला."

"मग हितं येऊन इचारलं का त्यांनी?"

"न्हाय."

तिनं सूप बाजूला ठेवलं. कागद हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला. तिला अक्षर येत नाही. अक्षरावर गाणं रचणारीला अक्षर येत नाही, हे वाचून कुणाला गहिवर येत असेल तर येऊ नये. तिला शाळेत कुणी घेतलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

"कुठं लिवलंय ते अज्ञात?"

मी बोट ठेवलं. तिनं त्या जागेवर अंगठा घासला, शाई निघते का बघावी तसा.

"मी काय मेलो न्हाय अजून," ती म्हणाली. "जोतीराम, पैसं नकोत मला. आयांची नावं घिटली ती मी खुशीनं घिटली. त्येचं काय न्हाय. पर जगाम्होरं लिवायचंच आसंल तर माझं लिवा की. मला पोर न्हाय, बाळ न्हाय. मी गेल्यावर सोनू म्हनून कोण हाक मारनार हाय?"

एवढंच तिचं मागणं. एक शब्द खोडायचा, एक शब्द घालायचा.

मी त्या कक्षाला ईमेल केला. लगेच उत्तर आलं, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ मी परत लिहिलं. परत तेच मोलाचं. मी शिव्या घालून लिहिलं, तरी मोलाचंच. पलीकडं माणूस नव्हताच.

मग दिवाळीच्या आधी पेपरात आलं, कक्षाची कार्यशाळा कोल्हापुरात होणार, प्रवेश सर्वांना. आत्तीला आदल्या दिवशी घेऊन आलो. ती ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसली होती. हॉलमध्ये पुढच्या रांगेत प्राध्यापक, मागं बचत गटाच्या बाया. गर्दी दिसावी म्हणून टेम्पोनं आणल्या होत्या. त्यांना विषय माहीत नव्हता. जेवण आहे एवढं माहीत होतं.

स्टेजवर दोघं. मैथिलीताई म्हणजे कक्षाच्या अधिकारी, मुंबईच्या, चष्मा लावलेल्या, कमी बोलणाऱ्या. दुसरा अभिराम, साइट त्यानंच बनवलेली, लॅपटॉप पुढ्यात. पोरगा हुशार होता, बोलायचा छान. पडद्यावर चित्रं दाखवत, हसवत हसवत तो सातव्या प्रश्नावर आला आणि त्यानं गाणं लावलं. स्टुडिओत कुणा शिकलेल्या बाईकडनं गाऊन घेतलेलं, मागं बासरी.

आत्ती माझ्या कानात म्हणाली, "चाल मारून टाकलीया मुडद्यांनी. पळाय काय झालंय हिला?"

अभिरामनं विचारलं, "हे गाणं कुणाकुणाला येतं?" मागचे सगळे हात वर गेले. "शेवटच्या कडव्यात कुणाचं नाव आहे?" इकडनं एक नाव आलं, तिकडनं दुसरं, बाया एकमेकींवर ओरडायला लागल्या, माझ्या आईचं हाय, न्हाय, माझ्या आईचं हाय. प्राध्यापक हसत होते. अभिरामनं दोन्ही हात पसरले. "पाहिलंत? ह्याला म्हणतात लोकधन."

तेव्हा आत्ती उठली.

"सायेब, ते गानं माझं हाय."

हॉलमध्ये हशा झाला. अभिराम हसला नाही, उलट फार प्रेमानं बोलला. ते जास्त वाईट.

"आजी, बरोबर आहे तुमचं. हीच तर ह्या गाण्याची गंमत आहे. प्रत्येकीला ते आपलंच वाटतं."

"वाटत न्हाय. म्या रचलंय. चिकलात हुबा ऱ्हाऊन रचलंय."

"अगदी खरं. आपल्या आयाबहिणींनी अशीच चिखलात उभं राहून रचली ही गाणी."

"आयाबहिनींनी न्हाय बाबा. मी. सोनूबाई. एकटीनं."

"एकटीनं आणि सगळ्यांनी," अभिराम प्राध्यापकांकडं बघून म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. मोठ्या टाळ्या. आत्ती हात वर करून उभीच. फोटोवाला पळत आला आणि त्यानं तिचा फोटो घेतला. टाळ्या आपल्यालाच हायत म्हटल्यावर तिला वाटलं, काम झालं. ती खाली बसली आणि मला म्हणाली, "लिवतील न्हवं आता?"

जेवणाच्या वेळी मी मैथिलीताईंना गाठलं. बाई माणूस म्हणून बरी होती. उभ्या उभ्या नाही, खुर्ची घेऊन बसली, आत्तीला शेजारी बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"मला पटतंय, सोनूबाई," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पटण्यावर पान बदलत नाही. तुमच्या नावाची कॅसेट आहे? कुठं छापून आलंय?"

"माझं नाव त्या गान्यात कवा आलंच न्हाय. मला लेक न्हाय," आत्ती म्हणाली.

मैथिलीताईंना ते कळायला मला रीत समजावून सांगावी लागली. मग म्हणाल्या, "रचताना शेजारी असलेलं कुणी हयात आहे का? नात्यातलं नको. त्यांनी लिहून दिलं तर मी स्वतः फाईल पुढं नेईन."

मी म्हटलं, "मॅडम, कवी अज्ञात आहे ह्याला तुमच्याकडं काय पुरावा आहे?"

"त्याला पुरावा लागत नाही," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत.

शेजारी असलेली एकच होती, चिमणाबाई; बाकीच्या बायांनी गाणं संध्याकाळी तयारच ऐकलं होतं. ती आता वारणानगरला मुलाकडं राहायची. मुलगा आकाराम दूध संघात कामाला, कॉलनीत घर. आत्तीला चिंता अशी नव्हतीच. एसटीत बसून ती मला सांगत होती, चिमणीला भेटून लई दीस झालं, आता दोन दीस ऱ्हातो तिथंच, तू जा माघारी. पिशवीत नवं तांदूळ घेतलं होतं तिच्यासाठी.

आकारामनं दारातनंच हाक मारली, "या पावणं, या. आई, बग कोण आलंय."

दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून बसल्या. एक म्हणाली, वाळलीस की गं सोने. दुसरी म्हणाली, तू फुगलीस की, दूध पिऊन. सुनेनं चहा आणला. तेव्हा माझं लक्ष भिंतीवर गेलं. फ्रेममध्ये मोठा फोटो. चिमणाबाईच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, मागं शाळेचा फळा, आणि फळ्यावर खडूनं लिहिलेलं, ‘पाटीवर पसरलं अक्षर या गीताच्या कवयित्री श्रीमती चिमणाबाई यांचा सत्कार.’

मी आत्तीला वाचून दाखवलं नाही. सूनच कौतुकानं सांगायला लागली. "नातीच्या शाळंत झाला सत्कार. तिच्या बाईंनी इचारलं, कुनाच्या घरात जुनं गानं हाय, तवा पोरगी म्हनली, आमच्या आजीचं हाय. पोरगी काय नाचत होती त्या दिवशी."

आत्तीनं फोटोकडं बघितलं, मग चिमणाबाईकडं. चिमणाबाई पदराचा काठ बघत होती. मी आलेलं काम सांगितलं. कोण रचलं एवढं लिहून द्यायचं, अंगठा द्यायचा.

आकाराम माझ्याकडं बघून म्हणाला, "म्हंजे काय? आईचं न्हाय ते?"



चिमणाबाई म्हणाली, "सोने, पैल्यांदा कुनाच्या दारात गायलीस?"

"तुझ्या."

"नाव कुनाचं घिटलंस?"

"तुझं."

"आनि म्होरं काय म्हनलीस?"

"आजपास्नं ह्ये तुझं गानं."

"मग?"

"चिमणे, तसं मी समद्याच बायांस्नी म्हनलो."

"ते मला काय म्हाईत," चिमणाबाई म्हणाली, आणि सुनेला म्हणाली, कप उचल.

आकाराम उठून बाहेर गेला, सून आत गेली. मी उंबऱ्याशी होतो, सरकलो नाही. चिमणाबाईनं आत्तीचा हात धरला आणि आवाज खाली घेतला.

"समदं ठावं हाय मला. तू म्हनत गेलीस, मी धरत गेलो. पर आता काय करू? सून कवा सरळ तोंडानं बोलत न्हवती, त्या फोटोपास्नं आई म्हनती मला. नात हाताला धरून शाळंत नेती. त्यांच्याम्होरं मी खोटी पडू व्हय?"

"आनि मी पडलो तर चालतंय?"

"तुझ्याम्होरं हाय कोण, सोने, पडाय?"

हे ती खुनशीपणानं बोलली नाही. हिशोबानं बोलली, आणि हिशोब बरोबर होता. मी तोंड उघडलं, तर आत्तीनं माझ्याकडं बघून मान हलवली. पिशवीतले तांदूळ काढून तिनं चुलीकडच्या कोपऱ्यात ठेवले आणि उठली. दोन दिवस राहणार होती ती तासाभरात निघाली. आकाराम फाटकापर्यंत आला आणि तिथनंच माघारी वळला.

एसटीत मी बरंच बोललो. भांडायचं, कोर्टात जायचं, चिमणाबाईला खोटी ठरवायची. आत्ती खिडकीतनं उसाकडं बघत होती. कोडोली मागं पडल्यावर म्हणाली, "ती एकच साक्षीदार हुती. तिला खोटी पाडल्यावर मग खरं सांगायला ऱ्हाईल कोण?"

तरी मी माझ्या नावानं लिहून पाठवलं, चिमणाबाईच्या सत्कारासकट सगळं. मैथिलीताईंचा फोन आला. नातेवाइकाचं चालत नाही म्हणाल्या, तरी प्रयत्न करते म्हणाल्या. केलाही असेल. नवीन वर्षात त्यांची बदली झाली आणि फाईल अभिरामकडं गेली. त्यानं ती वाचली. अगदी मन लावून वाचली, हे पुढं दिसलंच.

मार्चमध्ये परीक्षा आल्या, पोरांची प्रमाणपत्रांची गडबड सुरू झाली. मी साइट उघडली. नव्या रंगात केली होती. सातवा प्रश्न बदललेला.

‘एक वृद्ध महिला म्हणते, हे लोकगीत मीच रचले. दुसऱ्या गावची महिलाही तेच म्हणते. मग हे गीत कुणाचे?’ चार पर्याय. बरोबर उत्तर, ‘कुणाचेच नाही. लोकगीताविषयी असा जिव्हाळा वाटणे स्वाभाविक आहे, परंतु जिव्हाळा म्हणजे मालकी नव्हे.’

शेजारी फोटो होता. पांढरं लुगडं, हात वर, तोंड उघडं. खाली लिहिलेलं, ‘ग्रामीण महिला, कोल्हापूर.’ आणि फोटोवर आडवी पुसट पट्टी, बरोबर तिच्या तोंडावरनं गेलेली, ‘सर्जनहक्क जनजागृती कक्ष. सर्व हक्क राखीव.’

म्हणजे तिचं गाणं कुणाचंच नाही, आणि तिचं तोंड सरकारचं.

मी अभिरामला फोन लावला. त्यानं ओळखलं लगेच. म्हणाला, "अहो, आजींच्या त्या प्रसंगानं आम्हाला फार मदत झाली. पूर्वी लोकांना हा मुद्दा कळायचा नाही, आता पटकन कळतो. केंद्रातनं कौतुक आलं."

"त्या बाईला नाव आहे."

"नाव घातलं तर दावा मान्य केल्यासारखं होईल ना. म्हणून नाही घातलं. आणि एक सांगतो, रागावू नका. तो फोटो तुम्ही कुठं छापू नका बरं का. छायाचित्राचा हक्क कक्षाचा आहे."

"तुझ्या आईचा फोटो काढून असं लिहिलं असतंस?"

"तुम्ही वैयक्तिक होताय," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, उत्तर आलं, माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे. एका वकिलाला भेटलो. तो म्हणाला, केस लढता येईल, पण पहिली साक्ष चिमणाबाईची लागेल. एका पत्रकाराला सांगितलं. त्यानं विचारलं, ह्यात दंगल होण्यासारखं काही आहे का. शेवटी मी ते पान छापून वाड्यात नेलं. लपवून काय करणार, ती दर रविवारी विचारायचीच.

तिनं फोटो ओळखला. "ही पट्टी कशाची रं तोंडावर?"

"हक्काची."

"आनि खाली काय लिवलंय?"

"ग्रामीण महिला."

ती म्हणाली, "आदी अज्ञात हुतो, आता महिला झालो," आणि कागद मला परत दिला. पुढच्या रविवारी तिनं काही विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्या. वाड्यातल्या निशाची पोरगी पहिलीत गेली. निशा बाहेरनं लग्न होऊन आलेली, बारावी शिकलेली, घरात मोबाइल, तरी रीत म्हटल्यावर तिनं दारात सडा टाकला, चटया घातल्या, बायांना बोलावलं. मी दुकान बंद ठेवून टेप घेऊन गेलो होतो. माझ्या डोक्यात होतं, आज रेकॉर्ड करायचं, जे होईल ते होईल.

निशा म्हणाली, "आत्ती, तुमीच सुरू करा. तुमच्यावानी कुनाला जमत न्हाय."

आत्तीनं सुरू केलं. आवाज चिरला होता, पण चाल तीच, रोप लावताना पाय उचलायला जेवढा वेळ लागतो तेवढी संथ. बाया मागनं धरत होत्या. निशाची पोरगी नवा गणवेश घालून मध्ये बसली होती आणि तिला दप्तर काढून ठेवायचं नव्हतं. शेवटचं कडवं आलं. आत्तीनं डोळे मिटले आणि म्हटलं,

"सोनू म्हणती, आयांनो,"

टाळ्या अडखळल्या. मागनं कुणी ओळ धरली नाही. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

बयाबाई, वाड्यातली जाणती, म्हणाली, "सोने, निशाचं नाव घे की. पोरगी तिची हाय."

आत्ती तशीच, डोळे मिटलेली. परत म्हणाली, "सोनू म्हणती."

निशाचं तोंड उतरलं. ती हळूच म्हणाली, "आत्ती, माझ्या दारात तरी."

मी मागनं ओरडलो, "गानं तिचं हाय. एकदा घेऊ दे की तिला तिचं नाव."

"व्हय रं बाबा, तिचंच की," बयाबाई म्हणाली. "न्हाय कोण म्हनतंय? पर आज निशाचं हाय. तू गप बस, बायांच्यात बोलू नगंस."

कुणीतरी हसलं. बयाबाईनं स्वतःच कडवं उचललं, ‘निशा म्हणती, आयांनो,’ आणि सगळ्यांनी एकदम धरलं, मोठ्यानं, झालेला अडखळा झाकून टाकावा तसं. निशा हसायला लागली, डोळे पुसायला लागली. आत्तीचे हात टाळीला चालूच होते. तोंड मिटलेलं होतं.

साखर वाटली, चहा झाला. निशा आत्तीच्या पाया पडली. आत्तीनं पोरीच्या तोंडावरनं हात फिरवला. मी टेप काखेत धरून तिच्या मागं तिच्या घरापर्यंत गेलो.

"आत्ती, आता माझ्याम्होरं म्हन. तुझं नाव घेऊन, पुरं गानं. मी टेप करतो. कुनी अडवनार न्हाय."

तिनं कडी काढली आणि दारातच थांबली.

"कुनाच्या दारात म्हनू?"

"तुझ्याच की."

"हितं कोण पोरगी शाळंत चाललीया?"

ती आत गेली आणि अंथरुणावर पडली. पाठ माझ्याकडं करून. मी थोडा वेळ उंबऱ्यावर बसलो, मग शेवटची एसटी होती म्हणून उठलो.